कोपराला लागलेला ठोका

दाढी करणाऱ्याचं पोट गिऱ्हाईकाच्या कोपराला लागतंच. त्याला इलाज नाही. खुर्चीच्या हातावर गिऱ्हाईकाचं कोपर टेकलेलं असतं, आणि पलीकडच्या गालापर्यंत वस्तरा न्यायचा तर पुढे झुकावंच लागतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं असं झुकून झुकून धाकट्याचे सगळे सदरे पोटाशी एकाच जागी विरायचे. बायको होती तोवर ती तिथे आतून ठिगळ लावायची. ती गेल्याला अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. आता तो ते सदरे विरलेलेच घालतो. बघणार कोण?

धाकटा म्हणजे दोन भावांतला धाकटा. वय सदुसष्ट. थोरला सत्तरीला टेकलेला. सगळी गल्ली त्यांना याच नावांनी ओळखते, कारण दोघांची दाढी-कटिंगची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. चिकटून म्हणजे काय, बापाचं दुकान एकच होतं. मधे प्लायवूड ठोकलं आणि एकाची दोन झाली. बापाचा भिंतभर आरसा होता, तोसुद्धा काचवाल्याला बोलावून मधोमध कापला. काचवाला म्हणाला होता, "अहो, एकाने अख्खा ठेवा, दुसऱ्याने नवा घ्या." पण ऐकतील तर ते भाऊ कसले? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ या दोघांत बापाकडून आला होता.

एकोणीस वर्षं बोलणं नाही. आणि मधे फक्त प्लायवूड. बोटभर जाडीचंही नाही. थोरल्याची कात्री कधी धारेला द्यायची वेळ आली ते धाकट्याला आवाजावरून कळायचं. थोरल्याची नात सुट्टीला आली की पलीकडे हसण्याचा धुडगूस चालायचा, आणि अलीकडे धाकटा रिकाम्या खुर्चीला फडका मारत राहायचा. बायको गेली तेव्हा थोरला आला होता, लोकांच्या मागे उभा राहिला आणि तोंड न दाखवता गेला. त्या दिवसापासून धाकट्याशी दिवसभरात जे काही बोलायचं ते गिऱ्हाईकं बोलायची. "कानावर घ्या." "मिशी राहू द्या." दुकान बंद करून तो मागच्या खोलीत जायचा तेव्हा आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाही असं त्याला वाटायचं. एकटेपणाची सवय होते म्हणणारा माणूस एकटा राहिलेला नसतो, एवढं मी तुम्हाला छातीठोक सांगतो.

भांडण कशावरून? सांगतो. जमिनीवरून नाही, बायकांवरून नाही. बापाच्या मरणावरून.

एका दुपारी बाप मागच्या खोलीत पडला होता. चौऱ्याहत्तरचा गडी, तोंडात सतत विडी. एकाएकी कंबर धरून ओरडला. त्याला आधी मुतखड्याचा त्रास होऊन गेला होता, म्हणून थोरल्याने गरम पाण्याची पिशवी भरली आणि कमरेला लावून बसला. बापाने धाकट्याला हाक मारली. धाकट्यासमोर गिऱ्हाईक बसलेलं, एक गाल झालेला, एका गालावर फेस. आणि बापाचाच दंडक, की अर्ध्या दाढीवरून गिऱ्हाईक सोडायचं नाही, घराला आग लागली तरी. धाकट्याने दाढी पुरी केली. दहा मिनिटं. तो आत गेला तेव्हा बाप पांढराफटक, घामाने थबथबलेला. गाडी येईपर्यंत खेळ खलास.

तेराव्या दिवशी थोरला चारचौघांत म्हणाला, "हा दाढी करत बसला, आणि बाप गेला." धाकटा म्हणाला, "मी दाढी करत होतो, तू काय करत होतास? शेकत बसला होतास!" झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढच्या आठवड्यात प्लायवूड आलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

धाकट्याकडे दर गुरुवारी एक म्हातारा दाढीला यायचा. गल्लीने त्याला सांगाडेमास्तर असं नाव ठेवलं होतं. हा मास्तर काही शिकवायचा नाही. वैद्यकीय कॉलेजात मुलं प्रेतं फाडून शरीर शिकतात, त्या हॉलमध्ये तो चौतीस वर्षं मदतनीस होता. प्रेतं काढायची, ठेवायची, कापलेलं नीट झाकायचं. त्यामुळे डॉक्टर होऊन गेलेली अर्धी मुलं त्याला मास्तर म्हणायची. माणूस गप्पिष्ट, पण त्याच्या शेजारी जेवायला बसायला कुणी तयार नसायचं.

त्या गुरुवारी धाकटा त्याच्या डाव्या गालावर वस्तरा फिरवत होता. मास्तरचे डोळे मिटलेले. मधेच त्याने ते उघडले आणि म्हणाला, "थांब रे जरा. असाच उभा राहा. हलू नकोस."

"लागलं का?"

"मला नाही. तुलाच लागलंय काहीतरी. तुझं पोट माझ्या कोपराला ठोके मारतंय."

धाकटा हसला. "भूक लागली असेल त्याला."

"भूक अशी मोजून लागत नाही," मास्तर म्हणाला. फेसाने माखलेलं तोंड घेऊन तो उठला, धाकट्याला त्याच्याच खुर्चीत आडवा केला, सदरा वर केला आणि बेंबीच्या जरा वर दोन्ही हात टेकवले. तळहातांच्या मधे काहीतरी उडत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला दोन्ही हात एकमेकांपासून दूर ढकलले जात होते. मास्तरचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं प्रेतं हाताळलेल्या माणसाचा चेहरा उतरला, की समोरच्याने समजून जावं.

"कधीपासून आहे?"

"असेल दोन-तीन वर्षं. रात्री उताणा झोपलो की जाणवतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच असतं." मग जरा ओशाळून म्हणाला, "खरं सांगू का मास्तर, बरं वाटायचं. खोलीत दुसरं कुणी नाही. काहीतरी आवाज केल्यासारखं सोबतीला असायचं."

मास्तरने कपाळावर हात मारला. "धन्य आहेस! अरे, ती सोबत नाही, ती धोंड आहे. सोनोग्राफी कर. उद्या नाही, आज."

आणि मग दाढी तशीच ठेवून त्याने सगळं समजावलं. त्याच्या हॉलमध्ये त्याने अशी पोटं उघडलेली पाहिली होती. काळजातून एक मोठी रक्तवाहिनी निघते, ती पाठीच्या कण्याला धरून खाली येते, आणि बेंबीपाशी तिचे दोन फाटे होऊन दोन्ही पायांत जातात. तिची भिंत नुसती कातडी नसते. तीत बारीक लवचीक धागे असतात, पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे. काळीज ठोका देतं, वाहिनी ताणते आणि परत जागेवर येते. दिवसाला लाखभर वेळा. तरुणपणी हे चालतं. पण माणूस साठीच्या पुढे गेला, त्यातून पुरुष, त्यातून वर्षानुवर्षं धूर ओढलेला, त्यातून रक्तदाब चढलेला, की भिंतीला आतून सूज धरते. शरीराचेच पहारेकरी तिथे गोळा होतात आणि धागेच कुरतडायला लागतात. कुंपणच शेत खातं म्हण ना. आणि ते धागे एकदा तुटले की म्हातारं शरीर नवे विणत नाही. मूत्रपिंडांच्या खालच्या भागात ते मुळातच कमी, म्हणून फुगा बहुतेक तिथेच धरतो.

"फुगला तर फुगला. दुखलं नाही ना काही?"

"तेच तर! दुखत नाही म्हणून तर माणूस फसतो. बोटभर जाडीची नळी असते, ती दीडपट झाली, दुप्पट झाली, कुणाला पत्ता नाही. आत रक्ताच्या गुठळीचे थर बसतात, एकावर एक. आणि जेवढी रुंद होते तेवढा भिंतीवर ताण जास्त, आणि ताण जास्त म्हणून आणखी रुंद. आधी वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर. मग वेग धरते. मग एक दिवस कंबर दुखते. लोकांना वाटतं मुतखडा."

धाकट्याच्या डोळ्यांपुढे बापाच्या कमरेची गरम पाण्याची पिशवी आली. पुढचं त्याने ऐकलंच नाही.

संध्याकाळी सोनोग्राफी झाली. पाच पूर्णांक सात सेंटिमीटर. असायला हवी होती दोन. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. वयाने मुलीसारखी, पण बोलायला सडेतोड. साडेपाचच्या वर गेलं की वाट बघायची नसते. पुढच्या मंगळवारी दाखल व्हा, बुधवारी ऑपरेशन, खराब भाग उघडून आत कापडी नळी शिवायची. सिगारेट आत्ता या दारात टाका. मग तिने बापाचं विचारलं. धाकट्याने ती दुपार सांगितली. कंबर, घाम, गरम पाण्याची पिशवी, सगळी. आणि स्वतःची दहा मिनिटंही सांगितली. ती त्याने एकोणीस वर्षांत कुणाला स्वतःहून सांगितली नव्हती.

डॉक्टरबाई लिहायची थांबली. "काका, ते फुटलं होतं. निदान मला तरी तसंच वाटतं. फुटल्यावर बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचत नाहीत. तुमच्या दहा मिनिटांनी काही बिघडलं नाही, आणि त्या पिशवीनेही नाही."

धाकटा ओक्साबोक्शी रडला. डॉक्टरबाईने नुसता पाण्याचा पेला पुढे सरकवला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती दोघांनी, आणि ती रोज, एकोणीस वर्षं.

"आणि ऐका," ती म्हणाली, "हे घराण्यात चालतं. सख्खे भाऊ असतील तर त्यांना लगेच तपासून घ्यायला सांगा. लगेच म्हणजे लगेच."

झालं का! आता काय करायचं? प्लायवूडच्या पलीकडे एक माणूस उभा आहे, सत्तरीचा, पन्नास वर्षं सिगारेट ओढलेला, त्याच बापाचा. त्याच्या पोटात तेच असेल तर कुठल्याही दुपारी तो कंबर धरून पडेल. सांगायला चार शब्द लागतात. ते चार शब्द धाकट्याला सापडेनात. शुक्रवारी त्याने चिठ्ठी लिहिली आणि फाडली. शनिवारी पलीकडच्या दारापर्यंत गेला, आत गिऱ्हाईक दिसलं, तसाच पुढे जाऊन उगाच आगपेटी घेऊन आला. सिगारेट सुटली होती, तरी आगपेटी! रविवारी त्याने प्लायवूडवर बोटांनी टकटक केली. पलीकडची कात्री थांबली. धाकट्याने घाईघाईने खुर्ची ओढल्याचा आवाज केला, म्हणजे चुकून लागलं असं वाटावं. आता बोला! पोटात सुरुंग घेऊन फिरणारा माणूस भावाच्या "काय आहे?" ला घाबरतो.

सोमवारी सकाळी पलीकडून थोरल्याचा आवाज आला. कुणा गिऱ्हाईकाला सांगत होता, "आज कंबर धरलीय रे. वाकवत नाही."

हातातला ब्रश धाकट्याने तसाच टाकला. पण माणसाचं मन बघा कसं असतं! चार पावलं चालता चालता त्यानं पळवाट काढली. बोलायची गरजच काय? आपण गिऱ्हाईक म्हणून बसू. कोपर खुर्चीच्या हातावर ठेवू. पोटात ठोका असेल तर कोपराला कळेल, मग सांगू. नसेल तर दाढी करून उठू आणि मुकाट्याने घरी येऊ. अब्रू राहील आणि जीवही राहील. जन्मभर दाढ्या केलेल्या माणसालाच असला मूर्खपणा सुचू शकतो. तो थोरल्याच्या दुकानात शिरला आणि खुर्चीत बसला.

थोरला आरशातून बघत राहिला. अर्ध्या आरशात दोघांचे चेहरे एकाखाली एक. धाकट्याने पाहिलं, थोरला वाळला होता. गालफडं वर आली होती. भिंतीतून आवाज येतो, माणूस येत नाही. थोरल्याने पांढरं कापड झटकलं, धाकट्याच्या गळ्याभोवती बांधलं, आणि फेस करायला घेतला.

उजवा गाल झाला. थोरला पलीकडच्या गालासाठी झुकला, जरा कण्हत. त्याचं पोट धाकट्याच्या कोपराला लागलं. धाकट्याने श्वास धरला. डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार. मऊ, ऊबदार पोट. ठोका नाही. पुन्हा लागलं. पुन्हा काही नाही. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. देवा, वाचवलंस, असं त्याला खरोखर वाटलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की बायको गेल्यापासून आपल्याला घरच्या कुणी इतक्या जवळून हात लावला नाही.

आता दाढी पुरी झाली की उठायचं, एवढंच काम राहिलं होतं. पण मास्तर त्याला बजावून गेला होता की कोपर म्हणजे काही मशीन नाही, पुष्कळांच्या पोटात असून हाताला लागत नाही. आणि ती कंबर. धाकट्याने डोळे मिटूनच सांगितलं. "दादा, माझ्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय. बापाला तेच होतं. तू तपासून घे. आजच जा. सोनोग्राफीला पाच मिनिटं लागतात."

वस्तरा गालावरच थांबला.

"किती सेंटिमीटर?" थोरल्याने विचारलं.

"पाच पॉइंट सात."

आणि मग धाकट्याने डोळे उघडले. ज्याला यातलं काही ठाऊक नाही तो आधी विचारेल, फुगलीय म्हणजे काय? म्हणजे काय होतं? हा सेंटिमीटर विचारत होता.

थोरल्याने वस्तरा खाली ठेवला. सदरा वर केला. छातीच्या खालपासून बेंबीला वळसा घालून खाली गेलेली उभी खूण होती, फिकट, चमकणारी, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.

"सहा पॉइंट एक होतं माझं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?"

"हो."

"मग तुला बापाचंही..."

"तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले, फुटलं असणार. कुणीच काही करू शकलं नसतं."

धाकटा खुर्चीतच वळला. एका गालावर फेस वाळत होता. "म्हणजे माझ्या दहा मिनिटांनी बाप गेला नाही, हे तुला दोन वर्षं ठाऊक होतं. आणि मी पलीकडे रोज त्यात मरत होतो, ते तू ऐकत होतास. आणि तुला हेही सांगितलं असणार, की भावाला तपासायला सांगा. सांगितलं ना?"

"सांगितलं नाही." थोरला आरशाकडे बघत नव्हता. "डॉक्टरांनी विचारलं, भाऊ आहे का? मी म्हटलं, नाही."

राग यायला हवा होता. धाकट्यानेही त्याची वाट बघितली. त्याला आलं ते नुसतं रितेपण, आपण घरी जाऊन दार लावलं तर जगात कुणालाच फरक पडणार नाही असं. तो कापडाची गाठ सोडायला लागला.

"सहा आठवडे माझं दुकान बंद होतं," थोरला घाईने म्हणाला. "खाटेवर पडून होतो. रोज दाराकडे बघायचो. वाटायचं, बारक्या येईल, म्हणेल, कुठे मेला होतास रे? तेवढं म्हटलं असतंस तर सगळं सांगितलं असतं. तू आला नाहीस."

धाकट्याचे हात गाठीवरच राहिले. ते सहा आठवडे त्याला आठवत होते. पलीकडचं शटर खाली, आणि थोरल्याची गिऱ्हाईकं आपल्याकडे रांगेने. लोकांनी विचारलं की तो म्हणायचा, "गेला असेल लेकीकडे, आम्हाला काय सांगतात!" दुकानात गाणं गुणगुणायचा. एवढ्या वर्षांत बरे गेलेले दिवस कोणते असं कुणी विचारलं असतं तर त्याने तेच सांगितले असते. भाऊ जगला का मेला याचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"नाही आलो," तो म्हणाला. "खूश होतो मी तेव्हा."

बाहेर एक गिऱ्हाईक डोकावलं आणि दोघांना एका दुकानात बघून दारातूनच परत फिरलं. मग थोरल्याने ब्रश ओला केला, वाळलेल्या फेसावर नवा फेस लावला आणि राहिलेला गाल केला. त्याने तुरटी फिरवली, तोंड पुसलं.

"कधी आहे?"

"उद्या दाखल. परवा ऑपरेशन."

"येऊ का?"

एकोणीस वर्षांनी "ये" म्हणणं सोपं नसतं. धाकटा उठला, सदरा खाली ओढला, आणि भावाकडे आरशातून न बघता सरळ वळून पाहिलं.

"तिथे विचारतात, पेशंटचे तुम्ही कोण," तो म्हणाला. "काय सांगशील?"

थोरला वस्तरा पुसत राहिला. पुसून झालेला वस्तरा त्याने पुन्हा पुसला.

"भाऊ," तो म्हणाला. इतक्या हळू की धाकट्याला ओठांवरूनच कळलं.

"मोठ्याने सांगायचं," धाकटा म्हणाला. "तिथे फार गडबड असते. ऐकू जात नाही त्यांना."